मुलाकडच्या की मुलीकडच्या

अडाजण, सुरत
१६ जानेवारी २०२५

चि. गौरी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच टाकलं असतंस, म्हणून पत्ता शेजारच्या मुलीकडून लिहून घेतला. फसवलं म्हण हवं तर. फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, तेवढं मला कळतं. म्हणून हे पत्र तुझ्या नाशिकच्या बँकेत पाठवते आहे.

मायन्यात ‘सौ.’ लिहिलं नाही. तुमचं कोर्टातून सगळं मिटलं, असं अभिजीत दिवाळीत सांगून गेला. मग ‘सौ.’ कशाला? पण तेवढं अक्षर गाळताना पेन थांबलं हे खरं.

मला कुणी लिहायला सांगितलेलं नाही. हे आधीच सांगते, कारण तुझ्या मनात पहिलं तेच येईल. ह्यांना ठाऊक नाही, अभिजीतला तर नाहीच. तो अजून कामरेजच्या कंपनीत आहे, तिकडेच खोली घेऊन राहतो, रविवारी जेवायला येतो.

कारण साधं आहे. मी परत गोष्टी लिहायला लागले. मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवर दर आठवड्याला एक भाग. तिथली संपादक श्वेता पुण्याहून फोन करते. ती म्हणाली, मॅम, तुमच्या नायिकांची लग्नं नेहमी मांडवातच होतात, एखादं कोर्ट मॅरेज येऊ द्या, वाचणाऱ्यांना पळून गेलेली माणसं आवडतात. मी जन्मात कोर्ट मॅरेज पाहिलेलं नाही. तेव्हा आता आठवड्यातून दोनदा बस धरून लग्न नोंदणीच्या कचेरीत जाते आणि बाहेरच्या बाकावर बसते.

पहिल्याच दिवशी तिथला शिपाई येऊन उभा राहिला. “बेन, तमे छोकरा तरफथी के छोकरी तरफथी?” मी म्हटलं, कुणाकडचीच नाही, नुसती बसले आहे. त्याचा विश्वास बसला नाही. कसा बसेल? तिथं कुणी नुसतं बसत नाही. कचेरीत शिरलेला प्रत्येक जण आधी दाराकडे बघतो, मग बाकावर कोण आहे ते बघतो. परवा एक मुलगी जिना चढून आली, मला पाहिलं आणि वळून खाली गेली. मागून तिचा मित्र आला आणि मला विचारू लागला की तुम्ही पूजाच्या आत्या का. मी नाही म्हटलं तरी मी बाकावरून उठेपर्यंत ती वर आली नाही.

मला वाटलं होतं तिथं प्रेम बघायला मिळेल. बघायला मिळते ती धाकधूक. हार काळ्या पिशवीत असतात. साक्षीदार मित्र सही करता करता विचारतो, अजून किती वेळ, गाडी नो पार्किंगमध्ये आहे. सही झाली की दोघं पायऱ्यांवर येतात आणि आता कुठे जायचं हे त्यांना सुचत नाही. एक जोडपं तर कचेरीबाहेरच्या लारीवर हुरड्याचे पोंक वडे खात उभं राहिलं. नवरी आधी आपल्या साडीला हात पुसणार होती, मग लक्षात आलं आणि त्याच्या शर्टाला पुसला. हे मी घरी बसून लिहिलं नसतं.

पहिला भाग पाठवण्याआधी कुणाला वाचून दाखवावा असं मनात आलं आणि तूच आठवलीस. ओट्याशी उभी राहून तू वाचायचीस आणि म्हणायचीस, आई, असं कुणी बोलतं का? आता कुणीच तसं म्हणत नाही. भाग सोबत घातला आहे. वाच, नाहीतर फाड.

शैलजा


अडाजण, सुरत
३० जानेवारी

चि. गौरी,

तुझं उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, तेव्हा लिहिते.

मला माझी नायिका मिळाली आहे. नाव जयश्री. डिंडोलीत राहते, मूळची माणसं धुळ्याकडची. वडील लूमवर होते, ते गेले. आई शोभाबाई घरी साड्यांना खडे लावण्याचं काम आणते. ही कापड मार्केटमध्ये एका पेढीवर बिलं करते. वय सत्तावीस असेल. कचेरीत ती एकटीच येते, जेवणाच्या सुट्टीत, डबा हातात घेऊन. पहिल्यांदा ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, मग डबा उघडला आणि मला विचारलं, काकू, ठेचा चालतो का?

बोलता बोलता सगळं सांगितलं. मुलगा मराठीच, पण मोठ्या जातीतला, चांगल्या नोकरीत. पेढीवर मशिनरीच्या कामाला यायचा, तिथं ओळख झाली. हिच्या घरी अजून सांगितलेलं नाही. आधी लग्न, मग सांगणं, असं त्याचं म्हणणं. मी त्याचं नाव विचारलं नाही. माझ्या गोष्टीत त्याचं नाव मी ईशान ठेवलं आहे आणि मनात तेच बसलं आहे. तिला मी जुई करून टाकलं.

पण गौरी, हा ईशान मला पटत नाही.

लग्नाची नोटीस द्यायची तर चौकशीला तो एकदाही आला नाही. सगळं ती करते आणि तो फोनवरून प्रश्न पाठवतो. नोटीस बोर्डावर लावतात ती आतल्या बोर्डावर की बाहेरच्या? तिच्यात फोटो असतो का? महिनाभरात ती कोण कोण वाचतं? मुलाच्या घरच्या पत्त्यावर कचेरी काही पाठवते का? ती बिचारी हे प्रश्न मोबाइलमधून वाचून कारकुनाला विचारत होती. मी बाकावरून ऐकत होते. मुलीकडचे येऊन मारतील म्हणून भिणारा मुलगा मुलीच्या पत्त्याचं विचारील. ह्यानं एकदाही तिच्या पत्त्याचं विचारलं नाही. सगळे प्रश्न स्वतःच्या पत्त्याचे.

मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, काकू, त्यांची आई फार आजारी आहे म्हणून. अर्धांग झालं, अंथरुणाला खिळून आहे, वाचाही गेली. घरी काही कागद गेला तर तिला धक्का बसेल. हिनं त्या आईला एकदा भेटू द्या म्हणून फार मागे लागून पाहिलं, पण त्यांना ते सहन व्हायचं नाही म्हणाला. मग हिनं त्या बाईसाठी एक मऊ शाल घेऊन ठेवली आहे. लग्न झालं की आधी तिचे पाय चेपणार म्हणते.

ऐकून माझे डोळे भरले. मी तिला सांगितलं, वाचा गेलेल्या माणसाला ऐकू येत असतं, तू जाशील तेव्हा तिच्याशी भरपूर बोल. आणि तरी मनातला संशय काही गेला नाही. तू म्हणायचीस, आईंना दुधात माशी दिसली नाही तर त्या दूधच बदलतात. म्हण. पण ह्या मुलाला मी एकदा डोळ्यांनी बघणार आहे. बुधवारी दोघं मिळून नोटीस द्यायला येणार आहेत. तेव्हा तरी त्याला यावंच लागेल.

दुसरा भाग सोबत आहे. वाचकांना जुई फार आवडली. सगळे विचारतात, लग्न कधी?

शैलजा


अडाजण
७ फेब्रुवारी

गौरी,

आज गोष्टीचा भाग जोडलेला नाही. लिहिला नाही.

मला तुला एकच विचारायचं आहे, त्याचं उत्तर मात्र दे. तुमच्या घटस्फोटाचा निकाल नक्की कधी लागला? कुठल्या कोर्टात? तुझ्याकडे निकालाची प्रत आहे का? तू स्वतः कशावर सही केलीस का? अभिजीतनं आम्हाला दिवाळीत सांगितलं की झालं. आम्ही कागद बघायला मागितला नाही. आपल्या मुलाकडे कोण मागतं?

मी का विचारते आहे ते आत्ता सांगत नाही. माझी प्रकृती ठीक आहे. हे ठीक आहेत. अभिजीतला बुधवारी पाहिलं. तू घेतलेला निळा शर्ट घातला होता.

उत्तर बँकेच्या पत्त्यावरूनच दे, पण दे.

शैलजा


अडाजण, सुरत
१७ फेब्रुवारी

चि. सौ. गौरी,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोनच ओळी. ‘हे विचारायला तुम्हाला कुणी बसवलं? मी कुठल्याही कागदावर सही केलेली नाही, कुठल्याही कोर्टात गेलेले नाही, आणि करायची वेळ आली तर माझ्या वकिलासमोर करीन.’

तेव्हा सौ. लिहिलं. लागलं तर लागू दे, पण कायद्यानं आज तेच खरं आहे.

आता ऐक. अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली ती आई म्हणजे मी.

बुधवारी मी बाकावर बसले नव्हते. कचेरीबाहेर महेशभाई टायपिस्टची छत्री आहे, तिच्यामागे खुर्ची टाकून बसले होते. म्हटलं, ईशानला आधी लांबून बघू. रिक्षातून जयश्री उतरली, तिनं डोक्याला गजरा घातला होता. दुसऱ्या बाजूनं अभिजीत आला. क्षणभर मला वाटलं हा मलाच शोधत आला, घरी काही झालं का. मी उठायला लागले. तोवर त्यानं तिच्या हातातली फाइल घेतली आणि दोघं जिना चढून गेले. मी तशीच छत्रीआड बसून राहिले. महेशभाईनं विचारलं, मासी, पाणी आपुं? ते खाली येऊन निघून गेले, मग मी घरची बस धरली.

दुसऱ्या दिवशी जाऊन बोर्ड वाचला. काचेआड लावला आहे. अभिजीत विजय, वय चौतीस, अविवाहित.

घटस्फोटित म्हणूनसुद्धा नाही. अविवाहित.

काल तो जेवायला आला. मी ठरवलं होतं, हे बाहेर गेल्यावर बोलायचं, पण वाढता वाढताच तोंडातून निघालं. तो रागावला नाही, नाकारलंही नाही. तू त्याला ओळखतेस. त्यानं पान बाजूला सरकवलं आणि म्हणाला, मी सांगणारच होतो. मी विचारलं, काय काय सांगणार होतास आणि कुणाला? तर म्हणे तुला सांगायचं होतं की घटस्फोट हवा आहे, पण तू चिडशील म्हणून आज उद्या करत राहिला. आम्हाला सांगायचं होतं की अजून काहीच झालेलं नाही, पण आम्ही सारखं विचारायचो, म्हणून झालं म्हणाला. जयश्रीला सांगायचं होतं की आधी लग्न झालं आहे, पण ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती की मला कुणाचा संसार मोडायचा नाही. आणि माझं अर्धांग? तिनं भेटायचा हट्ट धरला तेव्हा काहीतरी सांगावं लागलं.

“मी कुणालाच दुखवलं नाही, आई,” असं म्हणाला. आणि गौरी, त्याला ते खरंच वाटतं.

हे सगळं ऐकून ह्यांनी हात धुतले आणि म्हणाले, महिना जाऊ दे, बोर्ड कोण वाचतो. गौरीला तरी कुठे परत यायचं आहे. नंतर वकील गाठून तिच्याकडचं मिटवून घेऊ. अभिजीतनं तेच धरलं. जाताना मला म्हणाला, “तुला ती आवडली आहे ना? तूच तिला ओळखतेस. अशी सून मिळाली तर नको का?”

आवडली आहे. हे तुझ्यापासून लपवत नाही. तिनं घेतलेली शाल माझ्यासाठीच आहे, हे डोक्यातून जात नाही.

तू हे पत्र वकिलाला दाखवलंस तरी चालेल. पहिली बायको असताना असं करणं गुन्हा आहे, हे मला माहीत आहे, आणि हा कागद माझ्याच मुलाच्या विरोधात जाईल हेही माहीत आहे. नोटिशीची मुदत सात मार्चला संपते. तोवर हरकत कुणालाही घेता येते. मी काय करणार ते अजून ठरलेलं नाही. ठरलं असं लिहिलं असतं तर तुलाही बरं वाटलं असतं, पण ठरलेलं नाही.

शैलजा


अडाजण, सुरत
३ मार्च

चि. सौ. गौरी,

तुझ्या दुसऱ्या चिठ्ठीत एकच प्रश्न होता, की मी ह्या पत्रांची नक्कल अभिजीतला देते का. नाही देत. तुझा विश्वास बसो न बसो.

मागच्या मंगळवारी मी जयश्रीच्या मार्केटखाली जाऊन उभी राहिले. घरी जाणार नव्हते, शोभाबाईंना काही ठाऊक नव्हतं आणि पोरीचं बिंग मी का फोडावं? ती डबा घेऊन खाली आली, मला बघून आनंदली. आम्ही पार्सलच्या गठ्ठ्यांपलीकडे जरा आडोसा बघून उभ्या राहिलो. मी सरळ सांगितलं की मी अभिजीतची आई. त्याचं लग्न झालेलं आहे, बायको नाशिकला आहे, घटस्फोट झालेला नाही.

तिचा चेहरा बदलला, पण मला वाटलं होतं तसा नाही. ती दोन पावलं मागे सरली. म्हणाली, त्यांची आई बोलू शकत नाही. मी मोबाइल काढला, तुमच्या लग्नातला फोटो दाखवला, आम्ही चौघं. तिनं तो मोठा करून बघितला आणि परत दिला. आजकाल फोटो मोबाइलवर कसेही बनवता येतात म्हणाली. मग एकेक आठवून बोलायला लागली. मी आधीपासून त्या बाकावर होते. मी कुणाकडचीच नव्हते. मी तिला सगळं विचारलं आणि माझं काहीच सांगितलं नाही. तिचं घर, तिची पेढी, तिची सुट्टी कधी असते, हे मला कशाला हवं होतं?

“काकू, तुम्हाला कुणी पाठवलंय? त्या बाईनं?” म्हणजे तू.

मी म्हटलं, मी गोष्टी लिहिते, त्यासाठी येत होते. हे बोलताना माझं मलाच खोटं वाटलं. मोबाइलवर तिला जुईचे भाग दाखवले. तीच माझी मोठी चूक झाली. तिनं उभ्या उभ्या वाचलं. ठेचा, डबा, वडील लूमवर होते ते, शालसुद्धा. सगळं तिचंच. वाचून झाल्यावर ती म्हणाली, हे किती जणांनी वाचलं? मी एवढंच म्हणाले, रविवारी तो जेवायला आमच्याकडे असतो. पत्ता घे. स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मी अंथरुणावर आहे की नाही.

पत्ता तिनं घेतला नाही. मी चिठ्ठीवर लिहून तिच्या डब्याच्या पिशवीत टाकला.

काल रविवार. अभिजीत आला, बसला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही. बेल वाजली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. दार अभिजीतनं उघडलं. बाहेर जयश्री आणि तिच्यामागे डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. जयश्रीनं त्याच्याकडे बघितलंच नाही. ती त्याच्या खांद्यावरून आत बघत होती, आणि मी लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

मी म्हणाले, “ये, जयश्री.”

बस, एवढंच. माझं चालणं-बोलणं दिसलं आणि खोटं कोण बोललं ते तिला कळलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. तिनं चपला काढल्या नाहीत.

आणि अभिजीत काय म्हणाला असेल? “आत या ना, बसा, पाणी आणतो.” खरंच पाणी आणायला गेला. दोन पेले ट्रेमध्ये ठेवून घेऊन आला. मी त्याला लहानपणापासून ओळखते असं समजत होते, पण तो ट्रे धरून उभा राहिलेला पाहिला तेव्हा पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली. त्याला अजूनही वाटत होतं की सगळ्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलता येईल.

जयश्रीनं विचारलं, “बायको आहे का?”

तो म्हणाला, तसं नाही, तू आधी बस, मी समजावून सांगतो. तिनं परत तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो हो म्हणाला. हे पेपर तोंडापुढे धरून बसले होते, तो त्यांनी खाली ठेवला.

मागची बाई म्हणजे शोभाबाई. त्यांना पोरीनं आदल्या दिवशीच सगळं सांगितलं असणार. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बाई, तुमना पोऱ्या असा शे, हाई तुमले आज समजनं का?”

मी हो म्हणाले. तुमचा मुलगा असा आहे हे तुम्हाला आज कळलं का, ह्याला दुसरं काय उत्तर आहे? त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं असं मला वाटलं नाही. पाण्याला हात न लावता दोघी निघून गेल्या.

त्यानंतर अभिजीत घराबाहेर पडला आणि जिन्यात उभा राहून तिला फोन करत होता. मला खालून त्याचा आवाज येत होता, शांत, गोड, समजुतीचा. असाच तो तुझ्याशीही बोलायचा, आठवतं? आणि मला वाटलं, पाच दिवस अजून आहेत. हा रोज असाच बोलेल. ती सत्तावीस वर्षांची आहे, तिनं त्याच्यासाठी घरात खोटं बोलून ठेवलं आहे, मार्केटमध्ये बोभाटा होईल. ती परत वळली तर?

म्हणून आज सकाळी कचेरीत जाऊन हरकतीचा अर्ज दिला. कारकुनानं वाचला. अर्जदाराचं मुलाशी नातं, ह्यापुढे मी ‘आई’ लिहिलं होतं. तो म्हणाला, बेन, इथं चुकून लिहिलंय का? मी नाही म्हटलं. त्यानं दुसऱ्या कारकुनाला बोलावून दाखवलं. मग पुरावा मागितला. तुमची लग्नपत्रिका आणि फोटो मी नेले होते. पत्रिकेतलं तुझं नाव त्यानं मोठ्यानं वाचलं, माझी सही घेतली. बाहेर येताना शिपायानं वाट दिली पण काही विचारलं नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, आता अभिजीत तुरुंगात गेला तर? मी म्हटलं, लग्न झालं असतं तर गेला असता. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

शैलजा


अडाजण, सुरत
२० एप्रिल

गौरी,

गुरुवारी तू परत गेलीस, आज रविवार. अभिजीत येत नाही, त्यामुळे रविवारी आता दोघांचाच स्वयंपाक. हे बोलतात, पण कामापुरतं.

तू आलीस तेव्हा कोर्टात फार बोलता आलं नाही, म्हणून थोडं लिहिते. जयश्रीनं आमच्याकडे येऊन गेल्यावर त्याच आठवड्यात कचेरीत जाऊन नोटीस मागे घेतली, हे तुला तिच्याकडूनच कळलं होतं. तुम्ही दोघी फोनवर बोलता हे मला तू सांगेपर्यंत माहीत नव्हतं. तिनं तुझा नंबर कसा मिळवला ते मी विचारत नाही. मला न सांगता तुम्ही बोललात ह्याचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. तिनं ती पेढी सोडली, भेस्तानच्या एका कारखान्यात हिशोबाला जाते, हेही तूच सांगितलंस. मला तिचा एकच निरोप आला होता, मोबाइलवर. ‘तुमच्या गोष्टीतून मला काढा.’ मी जुईचे सगळे भाग काढून टाकले. श्वेता फार चिडली. वाचणाऱ्या बायका अजून विचारतात, जुईचं लग्न झालं का? त्या कचेरीत परत गेले नाही.

कोर्टात अभिजीत तुझ्या शेजारी बसून संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जावर सही करत होता, तेव्हा मी मागच्या बाकावर होते. त्यानं सही केली आणि तुला पेन देताना टोपण उघडून दिलं. तू ते घेतलं नाहीस, पर्समधून स्वतःचं काढलंस. मला बरं वाटलं. सहा महिन्यांनी दुसरी तारीख आहे. तेव्हा मी येईन, तू नको म्हणालीस तरी.

तू आमच्याकडे उतरली नाहीस, लॉजवर राहिलीस, तेही बरोबर केलंस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाहेर पडताना जिन्यावर तू मला थांबवून विचारलंस. तुझे वकील पुढे गेले होते, अभिजीत खाली उतरून गेला होता. तू म्हणालीस, “आई, खरं सांगा. ती जयश्री नसती, दुसरी कुणी असती, जिचं तुम्ही कधी तोंडही बघितलं नसतं, आणि अभिजीत माझ्यामागे असं लग्न करतोय एवढंच कळलं असतं. तर माझ्यासाठी दिला असता अर्ज?”

मी हो म्हणाले. लगेच म्हणाले. तू मान डोलावलीस आणि रिक्षात बसलीस.

बसमध्ये बसल्यावर मी ते परत परत मनात करून बघितलं. बोर्डावर अभिजीतचं नाव आहे, शेजारी अनोळखी मुलीचं. हे म्हणताहेत बोर्ड कोण वाचतो, गौरीला कुठे परत यायचं आहे. अभिजीत पान बाजूला सारून बसला आहे. ठेचा नाही, शाल नाही, कुणी काकू म्हणत नाही. आणि नाशिकला तू आहेस, फोन बंद करून बसलेली, जिची आम्ही दीड वर्षात विचारपूसही केली नव्हती. मी उठून कचेरीत जाते आहे, असं मला दिसायला हवं होतं. खूप वेळा करून बघितलं. कधी मी जाते. कधी मी भांडी घासायला उठते आणि महिना जातो.

तेव्हा जिन्यावरचं ते ‘हो’ मी परत घेते. खरं उत्तर आहे, मला माहीत नाही. तुझ्याकडे ते खोटं राहू नये म्हणून लिहिलं.

शैलजा